कामकाजाच्या पत्रिकेतली जागा

महाराष्ट्र विधान परिषदेला सरकार पाडता येत नाही. राज्यघटनेने मंत्रिमंडळाला जबाबदार धरले आहे ते विधानसभेपुढे. पैशाच्या बाबतीतही परिषदेचे हात बांधलेले. धनविधेयक आले की 14 दिवसांच्या आत परत करायचे. सोबत शिफारशी केल्या तरी त्या स्वीकारायच्या की बाजूला ठेवायच्या, हे विधानसभा ठरवणार. बाकीची विधेयके परिषद पहिल्या खेपेला तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना रोखून धरू शकते, त्यापुढे तिचे काही चालत नाही. पश्चिम बंगालने 1969 मध्ये आणि तामिळनाडूने 1986 मध्ये आपापल्या परिषदा मोडीत काढल्या. आज देशात सहाच राज्यांत असे दुसरे सभागृह उरले आहे. महाराष्ट्राने ते टिकवले खरे, पण 'हवे कशाला हे सभागृह' असा सूर आपल्याकडे दर काही वर्षांनी निघतोच.

माझे उत्तर या पुस्तकभर पसरलेले आहे. ज्या सभागृहाला सत्ता उलथवता येत नाही, त्याच्यापाशी सरकारला उभे करून जाब विचारायचा वेळ असतो, आणि तो मोजका असतो. अधिवेशनाचे दिवस ठरलेले, दिवसाचे तास ठरलेले, आणि सदस्य 78. त्यांच्या प्रश्नांपैकी कोणते आज येतील, कोणते उद्यावर जातील आणि कोणते सभागृहात कधी उच्चारलेही जाणार नाहीत, हे कोणीतरी रोज ठरवत असते. वर्तमानपत्रांत येतो तो गदारोळ, राजदंड पळवल्याची छायाचित्रे, पायऱ्यांवरच्या घोषणा. सकाळी त्या दिवसाची पत्रिका हातात घेऊन, संध्याकाळपर्यंत ती शेवटच्या बाबीपर्यंत नेण्याची धडपड करणारा माणूस मात्र बातमीत क्वचितच येतो. या पुस्तकाचा विषय तो माणूस, म्हणजे परिषदेचा सभापती, त्याचे आसन आणि त्याच्या पुढ्यातला कागद हा आहे.

हे मी खारदांड्यात बसून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. कार्टर रोड उत्तरेकडे संपत येतो तिथून दांड्याच्या गल्ल्या लागतात. एका अंगाला खारच्या उंच इमारती, दुसऱ्या अंगाला किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आणि वलांडीवर वाळणारे बोंबील. इथल्या माणसांचे सरकारदरबारचे विषय चार-दोनच आहेत, पण ते वर्षानुवर्षे तसेच आहेत. होडीच्या डिझेलवरच्या कराचा परतावा रखडतो. कोळीवाड्याचे सीमांकन करताना नकाशावर नुसती घरे धरायची, की मासे सुकवायची आणि होड्या लावायची मोकळी जागाही धरायची, याचा वाद मिटत नाही. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे खांब पाण्यात उभे राहताना जाळी टाकायच्या जागांचे काय होणार, भरपाई कोणाला आणि कोणत्या पुराव्यावर, हा त्यात आणखी एक. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये अधिक कडक करण्यात आला. तो समुद्रावर कितपत पोहोचला, हे दांड्यातल्या कुठल्याही तांडेलाला विचारावे.

यातल्या एकाही प्रश्नावर सरकार पडणार नाही. एकही प्रश्न मथळ्यात टिकणार नाही. पण मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागले, त्यावर दोन उपप्रश्न आले आणि उत्तराची नोंद कार्यवाहीत छापली गेली, तर खात्यातली फाईल हलते. हे प्रश्न परिषदेच्या मापाचे आहेत. म्हणूनच त्यांना पत्रिकेत जागा कशी मिळते, हे कोळीवाड्यातल्या कार्यकर्त्याला कळायला हवे, असे मला फार तळमळीने वाटते.

एखादी लक्षवेधी सूचना कशी चालते ते पाहा. मच्छीमार संस्थेचे दोघे-तिघे आमदारांना भेटतात, निवेदन देतात, फोटो निघतो आणि संस्थेत सांगितले जाते की 'विषय विधिमंडळात मांडला'. प्रत्यक्षात विषय अजून दारातही नसतो. आमदार सूचना लिहून देतात. विधानमंडळ सचिवालय ती नियमांत बसते का हे पाहते: बाब तातडीची आहे का, राज्य शासनाच्या अखत्यारीतली आहे का, न्यायप्रविष्ट तर नाही ना. सभापती ती मान्य करतात किंवा नाकारतात. मान्य झाली की खात्याकडे जाते, खाते निवेदन तयार करते, आणि मग सूचना एखाद्या दिवसाच्या पत्रिकेत येते. तिथेही ती पहिली आहे की नववी, यावर सगळे अवलंबून. पहिल्या दोन सूचनांवर सदस्य तापले, मंत्र्यांचे उत्तर लांबले, मधेच कोणी औचित्याचा मुद्दा काढला, की नववी सूचना संध्याकाळी उशिरा, रिकाम्या बाकांपुढे येते. नाहीतर मंत्री उठून म्हणतात की माहिती मागवली आहे, सूचना पुढे ढकलावी.

या क्षणी सगळ्यांचे डोळे सभापतींकडे वळतात. त्यांच्यापुढे वाटा असतात त्या अशा: सूचना राखून ठेवायची आणि दिवस नेमून द्यायचा, मंत्र्यांना आजच उत्तर द्यायला लावायचे, किंवा 'माझ्या दालनात बैठक लावतो' असे म्हणून विषय सभागृहाबाहेर न्यायचा. दालनातली बैठक पुष्कळदा उपयोगाची ठरते, अधिकारी समोर असतात, आकडे तिथल्या तिथे मागता येतात. पण तिची कार्यवाही छापली जात नाही. माझे मत असे की दालनातल्या बैठकीचे निष्कर्ष पुढच्या दिवशी सभागृहाच्या पटलावर ठेवण्याचा शिरस्ता पडला पाहिजे. नाहीतर माणसाला काम झाल्याचे समाधान मिळते आणि हातात कागद मिळत नाही.

प्रश्नोत्तराच्या तासाचे तर याहून नाजूक. तारांकित प्रश्नाचे सारे बळ उपप्रश्नात असते. छापील उत्तर खात्याने बेतून दिलेले असते. 'होय', 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही' या तीन शब्दसमूहांत सगळे गुंडाळलेले असते. त्याची घडी उलगडते ती सदस्याने उठून विचारलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाने. पण तो तास गोंधळात गेला तर पुकारले न गेलेल्या प्रश्नांची उत्तरे पटलावर ठेवली गेली असे मानले जाते आणि विषय तिथेच संपतो. म्हणजे सभागृह बंद पडले की सरकारची अडचण होते, हा समज पुष्कळदा उलटा आहे. त्या दिवशी मंत्री सुटतात. अडचण होते ती ज्याचा प्रश्न सातव्या क्रमांकावर होता त्याची.

हा क्रम लावणारी मंडळी एकाहून अधिक आहेत, हे सुरुवातीलाच नीट समजून घ्यायला हवे. कामकाज सल्लागार समिती सभापतींच्या अध्यक्षतेखाली बसते. तिथे सभागृह नेते, विरोधी पक्षनेते, पक्षांचे गटनेते असतात. अधिवेशन किती दिवस, कोणत्या विधेयकाला किती वेळ, विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव कधी, हे तिथे ठरते. सभागृह नेता म्हणजे परिषदेतला सरकारचा तोंडवळा. त्याचे काम भाषणांपेक्षा जास्त बाकांमागच्या बोलण्यात चालते. संबंधित मंत्री विधानसभेत अडकले असतील तर उत्तराला दुसरा कोण उभा राहणार, विरोधकांनी सभात्याग करण्याआधी त्यांच्या कोणत्या मागणीवर निवेदन देऊन टाकायचे, आजच्या पत्रिकेतली कोणती विधेयके खरोखरच आज हवीत आणि कोणती आठवड्याने आली तरी चालतील. दोन सभागृहे एकाच वेळी चालू असतात आणि मंत्री मात्र तेच. म्हणून परिषदेतल्या सभागृह नेत्याचे निम्मे कष्ट मंत्र्यांना वेळेवर या सभागृहात आणण्यात जातात. मंत्री जागेवर नाहीत म्हणून सभापतींनी कामकाज तहकूब केल्याचे प्रसंग परिषदेत आले आहेत, आणि प्रत्येक वेळी त्याचा खुलासा सभागृह नेत्यालाच करावा लागतो.

विरोधी पक्षनेत्याचाही या क्रमावर तितकाच हात असतो. 1980 ते 1982 या काळात परिषदेत ग. प्र. प्रधान विरोधी पक्षनेते होते आणि आसनावर रा. सू. गवई. एक फर्ग्युसनचे इंग्रजीचे प्राध्यापक, समाजवादी. दुसरे रिपब्लिकन चळवळीतून आलेले आणि सभापती होण्याआधी दहा वर्षे उपसभापती राहिलेले. वेगवेगळ्या वाटांनी आलेली ही दोन माणसे सभागृहात एकमेकांसमोर होती. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ, राज्यपालनियुक्त सदस्य ही परिषदेची रचना अशा माणसांसाठीच आहे. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे कवी याच बाकांवर बसले.

जगात इतरत्र हे काम वेगळ्या हातांत असते, आणि तुलनेने आपले आसन अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या सिनेटमध्ये पीठासीन अधिकाऱ्याला फारसे अधिकार नाहीत. तिथे दिवसाचे कामकाज चालवतो तो बहुमतातल्या पक्षाचा नेता. 1937 साली तिथले उपराष्ट्राध्यक्ष गार्नर यांनी प्रथा घालून दिली की एकाच वेळी अनेक सदस्य बोलायला उठले तर बहुमताच्या नेत्याला आधी पुकारायचे. एवढ्या एका प्रथेवर त्या नेत्याची सारी सत्ता उभी आहे: तो आधी उठतो, म्हणून काय आधी यायचे हे तो ठरवतो. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात तर आसनावरची व्यक्ती कोणाला बस म्हणू शकत नाही; सभागृह स्वतःच स्वतःला आवरते आणि सभागृह नेता फक्त सल्ला देतो. आपण तिसरी वाट धरली. आपण क्रम लावण्याचा शेवटचा शब्द पक्षाच्या नेत्याकडून काढून घेतला आणि आसनाला दिला. होडीवर तांडेल स्वतः जाळे ओढत बसत नाही, पण जाळे कधी सोडायचे आणि कधी ओढायचे ते त्याच्या शब्दावर. सभापतींचे तसे आहे. ते चर्चेत भाग घेत नाहीत, एरवी मतही देत नाहीत. मते समसमान पडली तरच त्यांचे निर्णायक मत. मात्र वेळ त्यांच्या हातात.

अमेरिकेत ही प्रथा पडली त्याच वर्षी, 20 जुलै 1937 ला, मुंबई प्रांताच्या विधान परिषदेची वरिष्ठ सभागृह म्हणून पहिली बैठक पुण्यात भरली. मंगलदास पक्वासा तिचे पहिले अध्यक्ष. त्याआधी 1862 पासून जी परिषद होती ती एकच सभागृह होती, पण दिवसाच्या पत्रिकेतल्या एका बाबीत किती ताकद असते याचा सर्वांत मोठा दाखला तिथलाच आहे. 4 ऑगस्ट 1923 ला सीताराम केशव बोले यांचा ठराव त्या परिषदेने संमत केला: सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. खाजगी सदस्याचा ठराव, कायदाही नव्हे. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तो कागदावर राहिला, आणि 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले ते हक्काचा कागद हाताशी असल्याच्या बळावर. बोले यांच्या ठरावाला त्या अधिवेशनात वेळ मिळाला नसता तर महाड झाले नसते असे मी म्हणणार नाही. बाबासाहेबांना कोणाच्या ठरावाची वाट पाहायची नव्हती. पण सत्याग्रहाला कायदेशीर पाया मिळाला तो त्या एका दिवसाच्या कामकाजातून, ही नोंद महत्त्वाची.

स्वातंत्र्यानंतरच्या सभापतींमध्ये मी सर्वाधिक पाने दिली आहेत ती वि. स. पागे यांना. विठ्ठल सखाराम पागे, जन्म 21 जुलै 1910, सांगली जिल्ह्यातले बागणी. महाराष्ट्र राज्य झाले त्या 1960 पासून 1978 पर्यंत, सलग 18 वर्षे, ते या आसनावर होते. नरिमन पॉइंटचे आजचे विधान भवन तेव्हा नव्हते, त्याचे उद्घाटन 1981 चे. पाग्यांची सारी कारकीर्द गेली ती रीगल सिनेमाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जिथे आता राज्य पोलीस मुख्यालय आहे. यशवंतराव चव्हाणांपासून वसंतदादांपर्यंतचे मुख्यमंत्री त्यांनी या आसनावरून पाहिले. नव्या राज्याच्या परिषदेला वळण लागले ते या 18 वर्षांत: प्रश्न कसा विचारायचा, मंत्र्याने टाळले तर किती वेळा टाळू द्यायचे, नवख्या सदस्याला कधी पुकारायचे.

पाग्यांची गोष्ट वेगळी ठरते ती एका पेचामुळे. ते तासगाव तालुक्यातले, विसापूरच्या माळरानातले. पाऊस हुकला की हाताला काम नाही आणि काम नाही म्हणून चूल नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. मागेल त्याला काम द्यायची जबाबदारी सरकारने घ्यावी, ही कल्पना त्यांच्या मनात पक्की होती. पण सभापती सभागृहात विधेयक मांडत नाही, चर्चेत बोलत नाही, सरकारवर टीका करत नाही. ज्या सभागृहात राज्यातल्या प्रत्येक प्रश्नाला वेळ मिळावा म्हणून ते झटत होते, त्याच सभागृहात त्यांच्या स्वतःच्या सर्वांत जवळच्या प्रश्नावर त्यांना बोलता येत नव्हते.

त्यांनी आसनाची मर्यादा मोडली नाही. त्यांनी पत्रे लिहिली, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांशी बोलणी केली, टिपणे दिली, विसापूर भागात योजनेचा लहान प्रमाणावर प्रयोग करून दाखवला. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा सरकारकडे आराखडा तयार होता, कारण एका माणसाने तो काही वर्षे आधी तयार करून ठेवला होता. खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या, नालाबंडिंगच्या कामांवर लाखो माणसे गेली. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे हे देशातले पहिले राज्य. 2005 चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा याच पायावर उभा राहिला.

योजनेच्या पैशाची सोय कशी झाली, ते मला खारदांड्यात राहून विशेष जवळचे वाटते. 1975 मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला: शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने द्यायचा आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून खर्च व्हायचा. खार रोड स्टेशनवरून लोकल पकडून कामाला जाणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकात आजही 'पी.टी.' म्हणून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, वर्षाचे 2,500. ते का कापले जातात हे शंभरातल्या एखाद्यालाच माहीत असते. त्या ओळीचा उगम परिषदेच्या आसनावर बसलेल्या, बोलायची परवानगी नसलेल्या एका माणसाच्या चिकाटीत आहे. विधानमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला पाग्यांचे नाव आहे ते योग्यच. पण नव्या आमदारांना तिथे नियमांबरोबर ही हकीकतही शिकवली जावी, एवढी माझी इच्छा.

पागे यांच्यानंतर गवई, मग 1982 पासून 1998 पर्यंत 'केसरी'चे जयंतराव टिळक, मग ना. स. फरांदे, शिवाजीराव देशमुख, रामराजे नाईक-निंबाळकर. या सगळ्यांची प्रकरणे मी सारख्या लांबीची केलेली नाहीत. टिळकांच्या 16 वर्षांत सत्ताधारी व विरोधक यांची अदलाबदल झाली, म्हणून ते प्रकरण मोठे. देशमुखांच्या प्रकरणात 2015 चा प्रसंग आहे. सभागृहाने अविश्वासाच्या ठरावाने त्यांना पदावरून दूर केले. सभापतीचे आसन पक्षाच्या गणितापासून वेगळे राहावे ही अपेक्षा आणि ते आसन बहुमतानेच मिळते-जाते ही वस्तुस्थिती, यांतले अंतर त्या दिवशी उघडे पडले. मी तिथे निवाडा दिलेला नाही, पण माझा कल लपवलेलाही नाही: आसनावरून माणूस हलवायचा तर कारण कामकाजातले असावे, बाकांच्या बेरजेतले नसावे.

पत्रिकेचा क्रम जसा दार उघडतो तसा तो दार लावूनही घेऊ शकतो, याचे उदाहरण म्हणून मी जादूटोणाविरोधी कायद्याचा प्रवास घेतला आहे. असा कायदा व्हावा अशी मागणी करणारा अशासकीय ठराव 1995 मध्ये परिषदेतच संमत झाला. खाजगी सदस्याच्या वाट्याला येणाऱ्या थोड्याशा वेळात. त्यानंतर मसुदे झाले, बदलले, पुन्हा झाले. 2005 मध्ये विधानसभेने विधेयक संमत केले आणि ते परिषदेत येऊन अडकले. ज्या सभागृहाने दहा वर्षांपूर्वी मागणी केली तिथेच ते थांबले. कोणी ते फेटाळले नाही. फेटाळले असते तर नोंद झाली असती, कोणी कोणत्या बाजूने मत दिले ते कळले असते. त्याला फक्त वेळ मिळाला नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, सरकारने अध्यादेश काढला, आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी कायदा संमत केला. जो वेळ आठ वर्षे सापडत नव्हता तो काही दिवसांत सापडला. दाभोलकर त्या काळात अधिवेशनामागून अधिवेशन विधेयकाचा पाठपुरावा करत राहिले. ज्यांना वाटते की दिवसाचा क्रम हा कारकुनी मामला आहे, त्यांनी हे प्रकरण आधी वाचावे.

जुलै 2022 मध्ये रामराजेंची मुदत संपली आणि डिसेंबर 2024 मध्ये राम शिंदे यांची निवड होईपर्यंत सभापतिपद रिकामे राहिले. मधली सारी अधिवेशने उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी चालवली. याच काळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका रखडल्याने त्या मतदारसंघांतल्या अनेक जागाही भरल्या गेल्या नाहीत. बाके रिकामी, वरचे आसन रिकामे, तरी रोजची पत्रिका छापली जात होती आणि पुकारली जात होती. राज्यघटनेत उपसभापतीने काम पाहण्याची तरतूद आहे, म्हणून काही अडले नाही. पण अडीच वर्षे एवढे मोठे पद रिकामे ठेवता येते आणि त्याबद्दल बाहेर फारशी हाकाटी होत नाही, यातून आपण या आसनाची किंमत किती कमी करून बसलो आहोत ते दिसते.

अलीकडच्या कामकाजाबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत आणि पुस्तकात त्या वारंवार येतात. पहिली, एका दिवशी इतक्या लक्षवेधी सूचना घेतल्या जातात की कोणाचेच लक्ष वेधले जात नाही. सर्वांना खूश ठेवण्याचा तो मार्ग आहे. सदस्याला मतदारसंघात सांगता येते की माझी सूचना लागली. पण तीन सूचना घेऊन त्यांचा तळ गाठणे हे पंधरा सूचना वाचून दाखवण्यापेक्षा कितीतरी अवघड आणि उपयोगाचे आहे. दुसरी, विधेयके अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत रेटली जातात. पीठासीन अधिकारी खंड पुकारतात, अनुकूल असणाऱ्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असणाऱ्यांनी 'नाही' म्हणावे, 'होय'चे बहुमत, आणि पुढचा खंड. एका दमात एक कायदा. परिषदेला विधेयक तीन महिने रोखायचा अधिकार घटनेने दिला तो फेरविचारासाठी, आणि इथे तीन तासही मिळत नाहीत. कामकाज सल्लागार समितीत बसणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी ठरवले तर हे एका अधिवेशनात थांबू शकते.

दांड्याच्या वाचकासाठी वेळापत्रकाचेही एक प्रकरण जोडले आहे. 1 जून ते 31 जुलै समुद्रात मासेमारी बंद असते आणि पावसाळी अधिवेशन बहुधा याच सुमारास मुंबईत भरते. होड्या वर ओढलेल्या, माणसे घरी, विधान भवन लोकलच्या अंतरावर. आपल्या विषयावर आमदारांना गाठायचे, प्रेक्षक सज्जात बसून उत्तर ऐकायचे तर तो काळ. उलट हिवाळी अधिवेशन नागपूर कराराच्या परंपरेने नागपूरला. तेव्हा होड्या समुद्रात असतात आणि नागपूर आठशे किलोमीटरवर. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रश्नांची तयारी मे महिन्यातच व्हायला हवी. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन जाणाऱ्याच्या वाट्याला विशेष उल्लेख आणि औचित्याचा मुद्दा एवढेच उरते.

शेवटचे आणि सर्वांत लांब प्रकरण आश्वासन समितीवर आहे. मंत्री सभागृहात 'चौकशी करू', 'परतावा देऊ', 'सीमांकन पूर्ण करू' म्हणाले की ते आश्वासन ठरते, समिती त्याची नोंद घेते आणि खात्याकडे पूर्ततेचा जाब मागते. सभापतींनी दिवसभर राबून मिळवून दिलेला वेळ खरा कामाला येतो तो इथे. पण समितीला बाहेरून कोणी आठवण करून दिली नाही तर हजारोंच्या यादीत एक आश्वासन हरवणे सोपे असते. म्हणून त्या प्रकरणात उत्तराचा दिनांक, प्रश्नाचा क्रमांक आणि मंत्र्यांचे नेमके शब्द कार्यवाहीतून कसे काढायचे, अर्जात ते कसे लिहायचे आणि समितीकडे कोणत्या टप्प्यावर जायचे, हे नमुन्यांसह दिले आहे. मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवावी आणि तिच्यात किनाऱ्याबद्दल दिलेली आश्वासने दर अधिवेशनानंतर उतरून घ्यावीत. वहीचे रकाने कसे आखायचे, तेही त्याच प्रकरणाच्या अखेरीस आहे.